चढणीस चार, उतरणीस तीन

मंगळवार, ४ मार्च १९४१. मंडळाच्या तिजोरीतून प्रवासखर्चासाठी पंचवीस रुपये उचलले. त्या वेळी खोलीत आम्ही तिघे हजर होतो: अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार म्हणून मी.

आमचे मंडळ पुण्यातले. गडांवर जाऊन झाडोरा काढायचा, ढासळलेले चिरे बसवायचे, संगमरवरी पाट्या लावायच्या, हे त्याचे काम. अध्यक्षांना येत्या वैशाखात साठ वर्षे पुरी होणार, म्हणून गौरव अंक काढायचे ठरले होते. त्यातला 'अध्यक्षांचा राजगडावरील एक दिवस' हा लेख माझ्याकडे आला. तीन वर्षांपूर्वी माघात राजगडाच्या पद्मावती माचीवर (माची म्हणजे गडाचा सपाट पदर) आमच्या पाटीचे अनावरण झाले होते. मी त्या समारंभाला नव्हतो. घरी मुलीचे लग्न होते. पण त्या दिवसाची गोष्ट मला तोंडपाठ होती. अध्यक्ष प्रत्येक व्याख्यानात सांगत, "पन्नाशी उलटलेला हा देह, जोडे हातात घेऊन, राजगडाच्या पायऱ्या अनवाणी चालला आहे!" लोक टाळ्या वाजवीत. मीही वाजवल्या आहेत.

मी म्हटले, छापायचे तर नुसत्या सांगण्यावर नको. त्या दिवसाची व्यवस्था भोर संस्थानच्या कचेरीने केली होती. वेळा, माणसे, खर्च, सगळे दफ्तरात असेल.

"अहो, मी इथे धडधाकट बसलोय. मला विचारा की!" अध्यक्ष म्हणाले.

चिटणीस हसले. "खजिनदारांपुढे देव उभा राहिला तरी ते आधी पावती मागतील."

"जा बापडे," अध्यक्ष म्हणाले, "भोरची हवा चांगली आहे. कागद मात्र वाळवीने ठेवले असले तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. कात्रजचा घाट चढताना मोटारीचे पाणी उकळले आणि आम्ही सारे उतारू रस्त्याच्या कडेला उतरलो. ड्रायव्हरने डबा घेऊन ओढा शोधला, पण ओढा कोरडा होता. शेवटी एका बाईने डोक्यावरची घागर उतरवून अर्धी मोटारीला पाजली आणि "बैलापरीस लई पितीया ही," म्हणून निघून गेली. घाटाखाली उन्हाळ्याची चाहूल होती. पळस फुलले होते, शेते कापून मोकळी झाली होती आणि बांधाबांधावर गवताच्या गंजी होत्या. कापूरव्होळला मोटार भोरच्या रस्त्याला लागली. डोंगर दोन्हीकडून जवळ येत गेले आणि दुपारी नीरेकाठचे भोर दिसले.

एका खाणावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, ताक. मालकाने विचारले, "काम काय काढलंत?" दफ्तर पाहायचे आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि न मागता आणखी ताक वाढले.

कचेरीचे दफ्तरदार वृद्ध गृहस्थ होते; डोक्याला पागोटे, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मंडळाचे पत्र वाचून ते म्हणाले, "पुण्याचे लोक इथं हवा खायला येतात. धूळ खायला आलेले तुम्हीच पहिले." मग शिपायाला हाक मारून त्यांनी लाल बासनात बांधलेला एक रुमाल (कागदांचे गाठोडे) काढवला.

संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सरकारी कागदाचे मला यासाठीच कौतुक वाटते. तो टाळ्या वाजवत नाही. मुक्कामाच्या सरकारी बंगल्याच्या नोंदीप्रमाणे मंडळींनी पहाटे दूध, केळी आणि शिरा घेतला. नसरापूरपुढे जाईल तिथवर मोटार, मग गाड्या. पायथ्याला पोहोचल्यावर हार व नारळ. मी एकेक बाब माझ्या कागदावर उतरवून घेत होतो. तेवढ्यात पुढचा कागद आला: "डोलीचे भोई. चढणीस इसम चार, दर दोन आणे. उतरणीस इसम तीन, दर दोन आणे. एकूण चौदा आणे."

डोली! मी तो कागद उजेडात धरला. डोलीत कोण, तेही लिहिले होते. चढणीस अध्यक्ष, उतरणीस बाजाची पेटी एक, शाली, नारळ वगैरे सामान.

म्हणजे चढताना अध्यक्ष डोलीत होते आणि उतरताना चालत आले. व्याख्यानातली गोष्ट निम्मी खरी होती. हे वाईट होते, पण यापेक्षा वाईट गोष्टी मी हिशेबात पाहिल्या आहेत. माझे बोट अडले ते बेरजेवर. चार माणसांचा दिवस एक रुपया व्हायला हवा होता. दोन आणे कमी का? खाली नावे होती. तिघांपुढे दोन्ही वेळा 'हजर'. चौथे नाव धोंडू. त्याच्यापुढे चढणीस 'हजर', उतरणीस 'गैरहजर, सबब अर्धी मजुरी वजा'. सगळ्याखाली अध्यक्षांची सही. ती वळणदार सही मी दर महिन्याला ताळेबंदाखाली पाहतो.

"पुढचं पान बघा," दफ्तरदार म्हणाले. त्यांना ते ठाऊक होते.

पुढचे पान म्हणजे त्याच धोंडूचा अर्ज होता, कोणाकडून तरी लिहवून घेतलेला, खाली अंगठा. डोली उतरताना पायरीवरून पडून कंबर मोडली, काम होत नाही, तरी मदत मिळावी. समासात कचेरीचा शेरा: "सदर इसम सेवेत असता पडला किंवा कसे, याबद्दल अध्यक्षांचा अभिप्राय मागवावा. येताच मदत मंजूर करण्यास हरकत नाही." त्याखाली पत्र पाठवल्याची नोंद. स्मरणपत्राची नोंद. दुसऱ्या स्मरणपत्राची नोंद. पुढे कोरे.

"उत्तर आलं नाही?"

"आलं असतं तर हा कागद इथं कशाला राहिला असता?" दफ्तरदार म्हणाले. "आम्ही इथून मंजूर करू शकत नाही हो. आमच्याच कागदावर तो गैरहजर आहे, आणि त्याखाली सही तुमच्या अध्यक्षांची आहे. ती त्यांनीच दुरुस्त करायची."

मी तो अर्ज उतरवून घेतला. लेखाचे काम तिथेच संपले होते. पण ज्याची कंबर मोडली तो गैरहजर कसा, हे कळल्याशिवाय मला पुण्याची मोटार धरता येईना.

गुरुवारी नसरापूरला उतरलो. वेल्ह्याच्या बाजूला मीठ आणि रॉकेल घेऊन जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवान बोलका होता.

"गडावं चालला जनू? पाटी बगाया?"

"पाटी ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठावं न्हाई कशी? आमच्याच गाड्यांनी नेली की. लई जड. माझा बैल आठ दिस खुरडत व्हता."

मार्गासनीला त्याने मला उतरवले आणि पुढची वाट दाखवली. वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. सुतळीने बांधला, पुन्हा तुटला. शेवटी वहाणा पिशवीत टाकून अनवाणी चाललो. तापलेल्या मातीत चालताना मला अध्यक्षांचे ते वाक्य आठवत राहिले आणि माझीच मला लाज वाटू लागली. समोर राजगड होता, भिंतीसारखा, वरती बालेकिल्ल्याचा खडा कडा.

धोंडूचे घर पालीच्या अलीकडच्या एका वाडीत होते. अंगणात तो पाय पसरून घायपाताचा दोर वळीत बसला होता. पस्तिशीचा असेल, खांदे रुंद, पण कमरेखाली देह एका बाजूला कललेला. बाजूला काठी. मी कोण ते सांगितले. आतून त्याची बायको भागूबाई बाहेर आली.

"पुन्याचं व्हय?" ती म्हणाली. "मंग ह्या खेपंला काय न्ह्यायचंय वर? आता ह्यो तर उटत न्हाई. मला न्या."

"आगं, पाव्हनं हायेत," धोंडू म्हणाला. "पाय बग त्येंचं. पानी दे आदी."

तिने पाणी दिले. मग नाचणीची भाकरी आणि माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) समोर ठेवले. वाढून झाल्यावरही ती आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

मी धोंडूला म्हटले, त्या दिवसाचे जसेच्या तसे सांगा.

"चढताना काय न्हाई. सायेब डोळं मिटून बसलं व्हतं, भ्या वाटत आसंल. जड न्हवतं तसं. पाटीपरीस हलकं." तो हसला. "येताना पाली दरवाज्याखाली पायऱ्या हायेत न्हवं, थोरल्या? तितं माझा पाय सुटला. डोली कलली. सायेब दरीच्या अंगाला. म्या म्हनलं आता ह्ये गेलं. म्हनून म्या खाली झालो, डोली आंगावं घेतली. दांडा हितं बसला." त्याने कंबर दाखवली. "सायेबास्नी खरचटलं बी न्हाई. बरं हायेत न्हवं ते?"

"बरे आहेत," मी म्हटले. "मग?"

"मंग त्यास्नी डोली नगो झाली. जोडं हातात घेतलं आन् चालाया लागलं. त्येंच्या मागनं सगळी."

"तुम्हाला डोलीत घातलं नाही?"

"डोलीत पेटी व्हती."

ते मी कागदावर वाचले होते, तरी पुन्हा विचारले, "काय होतं?"

"बाजाची पेटी वो," भागूबाई दारातून म्हणाली. "गाया लागती ती. पेटी डोलीत बसून खाली आली आन् माझा मानूस पायरीवं. पेटी फुटली आसती, न्हवं का? मानसाला काय, मानूस आदीच फुटलेला."

हातातला घास मी तसाच खाली ठेवला.

डोली सामान उतरवून धोंडूसाठी परत वर आली ती तिन्हीसांजेला. तोवर खाली गाड्यांजवळ हजेरी होऊन गेली होती. मजुरी देण्याची तिथली रीत अशी की पायथ्याला चढण्यापूर्वी एकदा नावे पुकारायची आणि उतरल्यावर पुन्हा एकदा. ज्याने त्याने आपल्या नावाला 'जी' म्हणायचे. दोन हाका, दोन अर्ध्या मजुऱ्या.

"पण तुमचे तिघे सोबती तिथं होते," मी म्हटले. "त्यांनी का नाही सांगितलं, की तो वर पडलाय, त्याला हजर धरा?"

धोंडू दोर वळायचा थांबला. "कसं सांगत्याल? आमच्यात दुसऱ्याच्या हाकंला वो देत न्हाईत. मेलेल्याच्या नावाची हाक दुसऱ्यानं घ्यायची आस्ती, तिरडीपुढं. म्या जित्ता व्हतो. माझी हाक घेतली आसती तर म्या गेलोच आसतो, आसं वाटलं त्यास्नी. म्हनून तिगं बी खाली मान घालून हुबं ऱ्हायलं. माझ्या भल्यासाठीच की."

तिघांच्या त्या गप्प उभ्या आकृत्या मला दिसल्या, आणि कागदावर उमटलेला तो एक शब्दही. सोबत्याचा जीव राखण्यासाठी ती माणसे बोलली नाहीत, आणि त्या न बोलण्याचे कागदावर 'गैरहजर' झाले.

"मदतीच्या अर्जाबद्दल..." मी सुरुवात केली.

"मदतीचं ऱ्हाऊ द्या," धोंडू म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज चढला. "त्यो सबूद काडा. म्या गैरहजर न्हवतो. म्या तितंच व्हतो, पायरीवं. त्या सबदापायी आमच्या घराची पाळी फिटली न्हाई."

मला समजले नाही. भागूबाईने समजावले. गडावर साहेब येतो तेव्हा वाडीतून घरटी एक माणूस द्यावा लागतो. ज्या घराने माणूस दिला त्याची पाळी फिटते आणि मग सगळी वाडी फिरून येईपर्यंत त्याला हाक नसते. धोंडूचा दिवस अर्धवट भरला, म्हणून पाळी फिटली नाही असे धरले गेले. पुढच्या खेपेला पहिली हाक पुन्हा याच घराला आली.

"ह्ये आंथरुनात," ती म्हणाली. "मंग म्या गेले. दोन बादल्या पानी आन् एक वळकटी, वरपातुर. पोटुशी व्हते म्या."

पुढचे तिने सांगितले नाही. अंगणात कुठे मूल दिसत नव्हते. मी विचारले नाही.

ती रात्र त्याच वाडीत एका गोठ्याच्या माळ्यावर काढली आणि शुक्रवारी सकाळी गड चढलो. वहाण नव्हतीच. पाली दरवाज्याखालच्या पायऱ्या खरोखरच ऐसपैस आहेत, पण कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. एका पायरीवर माझाही पाय सरकला आणि मी चार हातपाय टेकून तसाच बसलो. खाली दरी होती. इथे चौघांनी खांद्यावर माणूस उतरवायचा!

वर माचीवर वारा होता, तळ्यात थोडे हिरवे पाणी होते. देवळाजवळ आमची पाटी. पांढरा संगमरवर, काळी अक्षरे, अजून अगदी नवी. मी ती कधी पाहिली नव्हती. फक्त तिचे बिल पास केले होते. वर अध्यक्षांचे नाव, मग "या प्रसंगी उपस्थित" असे लिहून कार्यकारी मंडळाची नावे. चौथे नाव माझे.

मी त्या दिवशी पुण्यात मांडवात अक्षता वाटत होतो. दगडावर मात्र मी उपस्थित होतो, आणि ज्याची कंबर शे-दोनशे हात खाली मोडली तो कागदावर गैरहजर होता. मी खिशातून चाकू काढून माझ्या नावावर घासून पाहिला. संगमरवर चांगल्या प्रतीचा होता. नुसता ओरखडा उठला.

शनिवारी रात्री पुण्यात पोहोचलो. रविवारी सकाळी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते ओसरीवर गौरव अंकासाठी स्वतःची छायाचित्रे निवडत होते.

"काय खजिनदार, वाळवीने काही ठेवलं का?"

मी काहीच प्रस्तावना केली नाही. माझे टिपण पहिल्यापासून वाचत गेलो. दूध, केळी, शिरा. गाड्या. डोली, चढणीस चार. इथे ते म्हणाले, "ते जाऊ द्या हो, लेखात कशाला?" मी पुढे वाचले. उतरणीस तीन. त्यांनी हातातली छायाचित्रे खाली ठेवली. धोंडूच्या घरी काय जेवलो ते वाचले तेव्हा ते एकदम म्हणाले,

"थांबा. कोणाच्या घरी?"

"धोंडूच्या."

"तो आहे?"

"आहे म्हणजे?"

"जिवंत आहे?"

"आहे. दोर वळतो," मी म्हटले. 

"त्याचं नाव पुकारलं," ते म्हणाले, "आणि ते तिघे माना खाली घालून उभे राहिले. कोणी ब्र काढीना. मी समजलो... मला विचारायचा धीर झाला नाही. पुढे कागद आला, मी सही केली."

"आणि कचेरीची पत्रे? तीन पत्रे आली असतील तुम्हाला."

ते उठले, आत गेले आणि देवघराच्या फडताळातून तीन लखोटे घेऊन आले. तिन्हींवरची लाख जशीच्या तशी होती. उघडलेच नव्हते.

"मला वाटलं मृत्यूची चौकशी असेल," ते म्हणाले.

तीन वर्षे हा माणूस रोज त्या लखोट्यांसमोर पूजा करीत होता, आणि बाहेर टाळ्या घेत होता. मला राग यायला हवा होता. तो नंतर आला.  तो धोंडू त्यांची खुशाली विचारत होता, हे मी सांगितले. भागूबाईने काय उचलले आणि कोणत्या अवस्थेत, तेही सांगितले. ते ऐकून त्यांनी तोंड फिरवले.

"काय लिहू?" टाक-दौत पुढे ओढून त्यांनी विचारले.

"घडलं ते. तो तुमच्या सेवेत होता, तुम्हाला वाचवताना पडला, आणि 'गैरहजर' हा शब्द चुकीचा आहे. तिसरं वाक्य विसरू नका."

त्यांनी लिहिले. तीन वाक्यांना त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा मी त्यांना तासाभराच्या व्याख्यानालाही लागलेला पाहिला नाही. सही केली. तो कागद मी त्यांच्यावर न सोपवता स्वतः रजिस्टर टपालाने भोरला पाठवला.

लेख मी जसा घडला तसा लिहून चिटणिसांना दिला. गौरव अंक निघाला तेव्हा त्या दोन पानांत केशतेलाची जाहिरात होती. अध्यक्षांनी त्यानंतर राजगडाची गोष्ट व्याख्यानात सांगितलेली मी ऐकली नाही. एवढ्याने काही फिटते असे मला वाटत नाही. आजही कुठे संगमरवरी पाटी दिसली की मी तिच्यावरची नावे वाचतो, आणि तो दगड वर कोणी नेला असेल, हा प्रश्न मनात येतो. पूर्वी मी फक्त दर विचारीत असे.

प्रवासाचे पंचवीस रुपये उचलले होते. खर्च अकरा रुपये सहा आणे. उरलेले तेरा रुपये दहा आणे तिजोरीत परत भरले.

जुलैत दफ्तरदारांचे पत्र आले. अध्यक्षांचा अभिप्राय पोहोचला, हजेरी दुरुस्त झाली, वाडीत त्या घराची पाळी फिटली असे कळवले गेले. भर पावसात धोंडू गाडीतून भोरला आला होता. पैसे वाटताना शिरस्त्याप्रमाणे नावे पुकारली. त्याच्याबरोबर बायको होती, गाडीवान होता, पण त्याच्या नावाला कोणी ओ दिली नाही. सगळे थांबले. तो काठीवर जोर देऊन सावकाश उठला आणि "जी" म्हणाला.

दिले ते असे: धोंडू, यांस मदत रुपये चाळीस. त्यांसच, उतरणीची अर्धी मजुरी, दोन आणे.